घाणेरीची गोणी आणि आईची परीक्षा

गेल्या रविवारी सकाळी सिद्धगडाच्या पायथ्याच्या आमच्या पाड्यावर पोचले. बाहेर धो धो पाऊस, आत चूल पेटलेली… आणि आई खोकत नव्हती.

पावसाळ्यात लाकूड कितीही झाका, ओलावा धरतंच. मग दिवसभर फुंकणी, धूर आणि आईचा खोकला. घरात गॅस आहे, पण सिलिंडर चढावरून खांद्यावर आणायचा म्हणजे तो पाहुण्यांच्या चहापुरताच.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. शिकून काय केलं, तर मे महिन्यात मागच्या दारी एक ड्रम मांडला! रानात माजलेली घाणेरीची झुडपं तोडायची, वाळवायची आणि झाकणबंद ड्रममध्ये अडीचशे डिग्रीच्या आसपास भाजायची. आत हवा नसल्यामुळे ती पेटत नाही, तपकिरी होते… मग ती पाणी फारसं धरत नाही आणि धूरही कमी करते.

"पोरगी बीएस्सी झाली नि घाणेरी भाजते!" शेजारच्या भीमाकाकू हसल्या. मीही हसले. माझा ड्रमवर विश्वास होता.

पण निकाल आईचा होता. तिचं लहानपण कोळशाच्या भट्ट्यांवर गेलं. नुसत्या धुराच्या रंगावरून ती आत काय चाललंय ते सांगते. तिने हो म्हटलं असतं, तर पाड्यावरच्या सगळ्या बाया घाणेरी तोडायला निघणार होत्या.

बाया जमल्या. आईने भाजलेली एक काटकी मोडून पाहिली. "कच्ची काढलीस गो."

"आई, मला कोळसा करायचाच नाहीये. कोळशात निम्म्याहून जास्त लाकूड वाया जातं."

"मंग हे काय? लाकूड नाय नि कोळसा पण नाय."

झालं… बाया पांगल्या. भाजलेल्या काटक्यांची गोणी पडवीत पडून राहिली, ड्रम मागच्या दारी, आणि मी कल्याणला कामावर परत.

तर रविवारी चुलीत वाकून पाहिलं. माझ्याच तपकिरी काटक्या! आई भाकरी थापत राहिली. गुपित भीमाकाकूंनी फोडलं.

"तुझ्या आईनं दोन दिस पागोळीखाली ठेवलेल्या. एक तुझी काटकी, एक साधी. मंग दोन्ही एकदम चुलीत. साधीच्या टोकातून नुस्ता फेस!"

"आणि माझी?"

"पेटली की गो!"

"धूर होतो थोडा," आई म्हणाली. "लय नाचू नको. आनि झाकणाला माती नाय लिंपलीस. फटीतून हवा गेली, वरच्या काटक्या जळल्या. ते मी करीन."

खरं होतं. थर्मामीटरकडे बघण्याच्या नादात झाकणाची फट मला दिसलीच नव्हती.

हात धुवायला मागच्या दारी गेले, तर ड्रम जागेवर नव्हता. भंगारवाल्याला दिला की काय? परत येऊन पाहिलं, तर पडवीच्या कोपऱ्यात उपडा ठेवलेला. खाली दोन विटा, वर प्लास्टिक.

"गंजला असता," आई म्हणाली, आणि भाकरी उलटली.

इतक्या परीक्षा दिल्या, पण मला न सांगता माझी परीक्षा घेणारी ही एकटीच. येत्या उन्हाळ्यात ज्यांच्या बांधावर घाणेरी माजली असेल त्यांनी जरूर कळवा… आम्ही दोघी येऊ.