काकूच्या भिंतीतली फळी

नीरज, मीरा,

तुमच्या गॅरेजात लाकूडकामाची यंत्रं कुठे बसवायची, त्याचा आराखडा मिळाला. सुबक आहे. म्हणूनच नट आवळण्याआधी माझ्या दादाकाकांची गोष्ट वाचा.

दादाकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, नगरच्या शाळेत भूमिती शिकवत. घराला मोटारखाना होता, मोटार नव्हती. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात ते एक खुर्ची आणायला गेले आणि गोल करवत, लाकूड गोल कातायचा खराद नि रंध्याचं यंत्र घेऊन आले. खुर्ची राहिलीच.

मोटारखान्यात काकूला सरपण भरायचं होतं. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत मला यातून झोपाळा मिळाला, तर ठीक. नाहीतर ही तिन्ही धुडं भंगारात."

काकांनी पुठ्ठ्याची यंत्रं कापून आराखड्यावर पंधरा दिवस सरकवली. "कागदावर बसलं, की जमिनीवर बसतंच," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मग सिमेंट ओतून सगळं पक्कं केलं.

काष्टी गावचा गणपा सुतार झोपाळ्यासाठी सहा फुटी सागवानी फळी घेऊन आला. करवतीच्या पात्यापासून मागच्या भिंतीपर्यंत त्याने नजर टाकली.

"गुरुजी, मशिनी लई झ्याक बसल्यात. पर फळी कुठनं भाईर निघायची?"

भिंत दोन फुटांवर होती.

"उलटी करून दुसऱ्या टोकाकडून कापू," काका म्हणाले.

"मधलं दोन फूट तसंच ऱ्हातंय की."

काकांनी यंत्रांची मापं घेतली होती, फळीचं घ्यायचं राहिलं होतं. दिवाळीला चार दिवस उरले होते.

भिंतीपलीकडे स्वयंपाकघर. दुसऱ्या दिवशी काकू भाकरी थापत होती, लहानगी मी शेजारी बसले होते. एक वीट परातीत येऊन पडली आणि भोकातून काकांचा आवाज आला, "अगं, फळी येतेय. जरा धरतेस का?"

"आधी तुमची वीट धरा," काकू म्हणाली. पण करवत सुरू झाली, फळीचं टोक चुलीशेजारी आलं, आणि पिठाच्या हातांनी तिने ते धरलं.

"वैनी, सरळ वढा," पलीकडून गणपा ओरडला. "न्हाईतर गुरुजींची भूमिती वाकडी व्हईल."

शेवटी तव्यावरची भाकरी करपू लागली, म्हणून तिने हात सोडला. काप तिथे बोटभर वाकडा गेला. झोपाळा मात्र दिवाळीच्या आदल्या दिवशी टांगला गेला, आणि यंत्रं राहिली.

काकांनी त्या भोकाला झाकण केलं. कडी मात्र काकूने आपल्या बाजूला लावून घेतली. खूश असली, की तिथून चहा जाई. नसली, की कडी.

काका गेले, मग यंत्रंही गेली. झोपाळ्याची ती फळी माझ्या व्हरांड्यात आहे, एका टोकाला बोटभर वाकडी.