अर्धेभाऊ आणि पहिल्या एस्टीचा डबा

आमच्या घरी चूल अर्ध्या काडीनं पेटायची. काडेपेटीतली काडी ब्लेडनं उभी चिरायची, एक भाग आज वापरायचा, दुसरा उद्याला ठेवायचा. चिरताना दोनातला एक भाग हमखास मोडायचा, म्हणजे वाचत काहीच नव्हतं. पण ही विद्या बाबांनी अर्धेभाऊंकडून घेतली होती, आणि अर्धेभाऊंची विद्या फुकट जाते असं म्हणायची आमच्या घरात सोय नव्हती.

वडनेरला आमचं पाच एकर कोरडवाहू वावर. गरिबी होतीच, तिच्यावर बाबांनी काटकसर चढवली. कापूस विकून चार पैसे आले तरी ताटात ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी. कंदील जेवण झालं की विझायचा. मी मॅट्रिकचा अभ्यास चुलीतल्या निखाऱ्यांच्या उजेडात केला आहे. आईनं तीन वर्षं नवं लुगडं नेसलं नाही. वाचलेला पैसा बाबा एका पत्र्याच्या डब्यात घालत आणि तो डबा ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवत. पैसा काढायचा कशासाठी, ते मात्र कधी बोलत नसत.

अर्धेभाऊंचं दुकान एस्टीच्या थांब्यासमोर होतं. दोर, कासरे, बैलांची घुंगरं, कंदिलाच्या काचा असा माल. खरं आडनाव गावात कोणी घेत नसे. ते चहा अर्धा पीत, बिडी अर्धी ओढून उरलेली कानावर ठेवत, आणि खांद्यावरचा दुपट्टाही मधून फाडून दोन केलेला. कोणी हसलं की म्हणत, "अर्ध्यात भागते तं पुरं काऊन?" डोक्यावर दोरांचा भारा घेऊन हा माणूस गावात आला आणि पोट मारून मोठा झाला, अशी सगळ्यांची पक्की समजूत. विटांचं घर आणि सडकेला लागून घेतलेली जमीन सगळ्यांना दिसत होती.

आईची समजूत वेगळी होती. ती म्हणायची, "उपाशी राहून मानूस श्रीमंत होते तं आपली अर्धी आळी मालगुजार असती. ह्या बुढ्याचं पानी दुसरीकडून येते."

बाबा चिडत. "तुले काय समजते? त्याची काडी पाह्य."

"काडीच पाहून राह्यली ना मी. बाकी तो दाखवते कुठं?"

आईच्या संशयाला थोडा आधारही होता. भाऊ दोर हातानं मोजत. गावातले लोक म्हणत, घेताना त्यांचा हात खांद्यापर्यंत जातो आणि देताना कोपरापाशी थांबतो. मी स्वतः एकदा कासरा आणायला गेले तेव्हा डोळे फाडून पाहत होते. मला काही पकडता आलं नाही. त्यांनी मात्र माझं पाहणं पकडलं. "मास्तरीन होशीन तू," म्हणाले आणि कासऱ्याचं एक वेटोळं जास्त सोडलं. घरी आल्यावर आई म्हणाली, "जास्त दिला? मंग नक्कीच काही तरी हाय."

मी मॅट्रिक पास झाले. त्या वर्षी आमच्या गावातून पास झालेली मी एकटीच मुलगी. मला वर्ध्याला कॉलेजात जायचं होतं. बाबांनी नाही म्हटलं नाही. दुपट्टा झटकला आणि भाऊंना विचारायला गेले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर निकाल लागलेला होता. "भाऊ म्हनते, मॅट्रिक झाली म्हंजे अर्धं झालं. अर्ध्यात भागते."

मी दोन दिवस जेवले नाही. बाबांच्या हिशेबानं ती बचतच झाली असेल.

त्याच आठवड्यात आई हिंगणघाटला मामाकडे जायला निघाली. हिंगणघाटवरून वर्ध्याकडे जाणारी पहिली एस्टी थांब्यावर उभी होती. दुकानातून अर्धेभाऊ बाहेर आले. हातात चार पुडांचा पितळी डबा, नव्या कोऱ्या दोरीनं आवळून बांधलेला. ज्या दोरीचं टोकसुद्धा ते कोणाला फुकट देत नसत, तिचे चार वेढे. डबा त्यांनी कंडक्टरच्या हातात दिला आणि झटकन आत गेले. आई डब्याजवळ उभी राहिली. तिला साजूक तुपाचा वास आला.

"हा डबा कोनाचा जी?" तिनं कंडक्टरला विचारलं.

"भाऊच्या पोरीचा. वर्ध्याले कॉलेजात हाय ना थे. रोज नेतो मी."

भाऊंची मुलगी सुमन वर्ध्याला मावशीकडे शिवणकाम शिकते, असं सगळ्या गावाला सांगितलेलं होतं. आईनं मामाकडे जाणं तिथंच सोडलं, एस्टी जाऊ दिली आणि सरळ दुकानाची पायरी चढली. पुढचं मला तिच्याच तोंडून कळलं, आणि ती सांगताना दरवेळी उभी राहून सांगायची.

"भाऊ, एक इचारू का?"

"इचारा ना वहिनी."

"डबा तं तुम्ही अर्धा नाई धाडत."

भाऊंनी कानावरची बिडी काढली, पाहिली, परत ठेवली. "कोनाले बोलल्या काय?"

"अजून तं नाई."

एवढंच बोलणं झालं. दिवेलागणीला अर्धेभाऊ आमच्या घरी हजर. याआधी ते कधी आले नव्हते. खाटेवर टेकले आणि बाबांना म्हणाले, "नामदेवा, पोरीले धाड वर्ध्याले. सुमनच्या खोलीत राहीन थे. एकीले दोघी बऱ्या."

बाबा गोंधळले. "तुम्हीच तं म्हटलं होतं भाऊ, अर्ध्यात भागते म्हून."

"थे दुकानात बसून म्हटलं. आता तुह्या घरी बसून सांगून राह्यलो."

आईनं पुढं केलेला चहा त्यांनी त्या दिवशी पुरा प्यायला. ते गेल्यावर आई म्हणाली, "पाह्यलं? माह्या तोंडाले कुलूप लावून गेला बुढा." रात्री बाबांनी कणगीत हात घातला आणि पत्र्याचा डबा बाहेर काढला.

वर्ध्याला गेल्यावर कळलं की मावशी नव्हतीच. एका म्हाताऱ्या बाईंच्या घरामागची भाड्याची खोली होती आणि तिथं स्वयंपाक करायला मनाई. म्हणून डबा. आता रोज दोन डबे यायला लागले, सुमनचा पितळी आणि माझा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा. माझा डबा आई दुकानात ठेवून जायची, भाऊ दोन्ही एका दोरीला बांधून कंडक्टरकडे देत.

सुमन साधी मुलगी होती. विचारलं तर लपवायची नाही. एकदा मी काडीची गोष्ट काढली तर ती पोट धरून हसली. "बाबांचे दोन ट्रक हिंगणघाटच्या जिनिंगवर चालतात. माझ्या मामाच्या नावावर आहेत. तुला माहीत नव्हतं?"

"मग ती काडी?"

"लोकांना काडी दाखवली की ते उसनं मागत नाहीत. आणि मी शिकते हे कळलं की लोक म्हणणार, पैसा आहे, हुंडाही तसाच द्या."

सुटीत घरी जाऊन मी हे सांगितलं. बाबा म्हणाले, "ट्रक घ्याले पैसा काडी वाचवूनच आला असन."

आई म्हणाली, "किती काड्या लागतात हो एका ट्रकाले?"

तरी बाबा काडी चिरायचे थांबले नाहीत. साऱ्या गावासारखंच त्यांनी भाऊंचं न खर्चणं पाहिलं आणि तेवढंच उचललं. ज्या ठिकाणी तो माणूस हात सैल सोडत होता, ती जागा आमच्या नजरेला पडू नये अशी त्यानं तजवीज केली होती. मला याचा राग होता. अजूनही थोडा आहे.

पण एक गोष्ट माझ्या हिशेबात बसत नाही. माझ्या डब्यात, भाकरीच्या खाली, अधूनमधून अर्धा लाडू निघायचा. मला वाटलं, आई कुठून तरी जमवते. दिवाळीला मी तिला म्हटलं, "अर्धा कशाला पाठवतेस?" ती चमकली. "मी कायले अर्धा धाडीन? धाडला तं पुरा धाडीन." परत वर्ध्याला गेल्यावर पुढचा लाडू निघाला तेव्हा सुमनच्या डब्यात मी नीट पाहिलं. तिच्याकडेही त्या दिवशी अर्धाच लाडू होता. दोन्ही तुकडे एकमेकांना लावले तर जुळत होते.

आईला सांगितलं तर तिचा संशय आणखी वाढला. "म्हंजे बुढा आपला डबा उघडून पाह्यते! आपन काय खातो थे पाह्यते!" पाहत असतीलही. चार वर्षं लाडू मात्र येत राहिला, आणि त्याबद्दल भाऊ माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

बी.ए.चा निकाल घेऊन मी गावी आले तेव्हा भाऊ दुकानामागच्या खोलीत अंथरुणाला खिळले होते. दम्यानं पार वाळले होते. ट्रक आता उघड दारासमोर उभे राहायचे, त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसायचा. मी पेढा पुढं केला. त्यांनी सवयीनं मोडला, अर्धा तोंडात घातला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"काय झाली तू?"

"बी.ए."

"पुरी?"

"पुरी."

"बरं झालं," म्हणाले आणि भिंतीकडे वळले. त्याच हिवाळ्यात ते गेले.

ते आमच्या घरी माझ्यासाठी आले होते की आईच्या तोंडाला भिऊन, हे मला कळलेलं नाही. आईला विचारलं की ती अजून म्हणते, "भिऊनच." आणि वरून म्हणते, "पन लाडवाचं समजत नाई मले."

बाबांच्या कणगीतला पत्र्याचा डबा माझ्या शेवटच्या वर्षाच्या फीला रिकामा झाला. पुढं मी हिंगणघाटच्या शाळेत मास्तरीण झाले. पहिल्या पगारात आईला नवं लुगडं घेतलं, आणि कंदील रात्री हवा तितका वेळ जळू लागला. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेली मी पहिली.