कंदीलवाला म्हातारा आणि सैल साखळी

पत्रिका, कौल, लिंबू-मिरची… यातलं काहीच मी मानत नाही. आजही नाही. तरी लिहितेय, कारण ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

मी पडघ्याची. दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये बिलिंगला होते. वडील गेल्यापासून घरात आई आणि मी, भाऊ-वहिनी भिवंडीत. माझं स्थळ आलं की आईला धाप लागायची. डॉक्टर म्हणायचे, छाती साफ आहे. हळूहळू स्थळं थांबली, मी चाळिशीला आले. मग नाशिकच्या ब्रँचला बढती मिळाली — आणि आईची धाप पुन्हा सुरू!

ऑफिसातली रेणुका टॅरो, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणं, शिकलेली. जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "दोन पत्ते काढ." गंमत म्हणून काढले. एकावर कंदील धरलेला एकटा म्हातारा — हर्मिट. दुसऱ्यावर शिंगवाला डेव्हिल, त्याच्यापुढे गळ्यात साखळ्या घातलेले बाई-पुरुष.

"एकटं पडायला घाबरतेस, म्हणून बांधून घेतलंयस," रेणुका म्हणाली. "पण नीट बघ, साखळी सैल आहे. डोक्यावरून काढता येईल."

मी हसण्यावारी नेलं. फोटो काढला नाही, कुणाला सांगितलं नाही. आईकडे साधा फोन. रेणुकाला तिने कधी पाहिलेलंही नाही.

संध्याकाळी घरी पोचले तर आई ओट्यावर बसलेली. मी चपला काढायच्या आत तिने विचारलं, "तो कंदीलवाला म्हातारा कोन गं?"

"कोण म्हातारा?"

"दुपारी डोला लागला व्हता. तो दारात येऊन उभा. बोलला, पोरीच्या गल्यातली साखली ढिली हाय, काढंल ती."

मी चपलांसकट तिच्याशेजारी बसले. "मग… तू काय म्हणालीस?"

आईने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. धाप नव्हती. "मी बोलली, न्हाय काढनार. मी वलखते तिला."

दुसऱ्या दिवशी मी नाशिकला होकार कळवला. आई रडली नाही. नातेवाइकांत सांगितलं, पोरीला बाहेरचं लागलंय. आता आई भावाकडे असते, आणि तिथे एकदाही धाप लागली नाही म्हणे! मी इथे एका खोलीत एकटी जेवते.

ते चित्र आईच्या झोपेत कसं शिरलं, मला आजही कळलेलं नाही. आईलाच विचारावं म्हणून रविवारी फोन लावते. वहिनी उचलते. बिचारीला खोटं बोलता येत नाही —

"ताई, आई म्हणतात, झोपल्यात म्हणून सांग."