अध्यक्षांच्या नंबरचं विमान

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हवाई दलात लढाऊ विमानं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवली. आता काचबिंदूमुळे नजर झपाट्याने चालली आहे. अशात कुणीतरी पेणच्या पुढे एका बागेत मांडलेल्या विमानाचा फोटो पाठवला. तो डोळ्यांशी धरून आप्पा म्हणाले, "नंबर माझ्या विमानाचा नाही. पण पोटाखालचं ठिगळ मी मारलेलं आहे. दिसतंय तोवर घेऊन चल."

रविवारी सकाळी पनवेलहून निघालो. कर्नाळ्यापर्यंत झाडी सुंदर. पुढच्या रस्त्याविषयी लिहीन, आधी तो होऊ दे. पेणला मिसळ जरूर खा, कंबर दुखतेय हे दहा मिनिटं तरी विसरायला होतं.

मागच्या सीटवर माझी मुलगी अन्वी तिच्या गेमसाठी अंतराळातलं लढाऊ यान काढत होती. नंबर ७७७७.

"हाच का?" आप्पांनी विचारलं.

"भारी दिसतो!"

"आमच्याकडे ती सोय नव्हती. एका जातीच्या विमानांना एक अक्षर, पुढे आकडे. मधले काही मुद्दाम गाळायचे, म्हणजे आपली किती आहेत ते शत्रूला मोजता येत नाही. माझं होतं चारशे सतरा."

बागेचं तिकीट दहा रुपये. विमानाच्या शेपटीवर ठसठशीत ९००९. फाटकाशी उभ्या पांढऱ्या गाडीचा नंबरही ९००९. मी तिथल्या माळीकाकांना विचारलं.

"बाग समितीच्या अध्यक्षांची हाय. इमान रंगवला तवा बोलले, जुना नंबर लाभाचा नाय, माझाच टाका. बेरीज नऊ येते."

देशाचं संरक्षण इतकं सोपं असतं हे आप्पांना अख्ख्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे हेपण गेममधलंच," अन्वी म्हणाली.

आप्पा विमानाखाली वाकले. ते ठिगळ असलेलं हातभर लांबीचं झाकण एका स्क्रूवर लोंबकळत होतं.

"ते कदी नीट बसलाच नाय," माळीकाका म्हणाले.

"कसं बसेल? प्रत्येक झाकण घासून घासून त्याच विमानाला बसवायचो. अदलाबदल नको म्हणून आतून नंबर ठोकायचो, झाकणावर आणि चौकटीवरही."

त्यांनी झाकण फिरवलं. आकडे दिसेनात, म्हणून बोटांनी चाचपले. "चार. एक." शेवटच्या आकड्यावरून बोट दोनदा फिरवलं. "सात."

मी टाळी वाजवणार होतो. तेवढ्यात त्यांचं बोट चौकटीवर गेलं. तिथे दुसराच नंबर होता. म्हणजे चारशे सतरा कधीच मोडीत निघालं होतं, त्याचं एवढंच झाकण इथे येऊन पडलं होतं. मला फार वाईट वाटलं. आप्पा मात्र त्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले, दुपारी बाग बंद व्हायची वेळ होईपर्यंत.

घरी पोचलो तर शेजारच्या काकू दारातच. "मग, सापडलं का तुमचं विमान?"

"सापडलं की," आप्पा म्हणाले. "हातभर."