गेटवरची सही

सोसायटीच्या हॉलमध्ये चित्रपट संपला आणि चर्चेसाठी आम्ही खुर्च्या गोल मांडल्या. ईशान्येकडच्या मुलांना शहरात कसं वागवलं जातं, यावरचा चित्रपट होता.

"आपल्याकडे असलं काही नाही हो," देशपांडे वहिनी म्हणाल्या.

तिसऱ्या मजल्यावर राहणारी नागालँडची नर्स जराशी हसली. "मी दोन वर्षं रोज गेटवर रजिस्टरमध्ये सही करते. इथे राहणारे सगळेच करतात ना?"

कुणीच करत नाही. सही फक्त पाहुण्यांची घेतात.

"वॉचमनला अक्कल नाही," कुणीतरी म्हणालं. दारात उभ्या असलेल्या वॉचमननं मान खाली घातली. तिची सही घ्यायला सेक्रेटरी म्हणून मीच त्याला सांगितलं होतं. तो गप्प राहिला आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच मग भीती वाटू लागली. पडद्यावरची वाईट माणसं ओरडतात, म्हणून ओळखू येतात. मी तर तिला रोज हसून 'गुड मॉर्निंग' म्हणत आलो होतो.

मी उभा राहिलो.

"त्याची चूक नाही. मीच सांगितलं होतं."

"का, काका?" तिनं विचारलं.

'सुरक्षेसाठी' हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

"तुझा चेहरा बघून," मी म्हणालो.