मिरचीचे देठ आणि माझी प्रस्तावना

"ही प्रस्तावना कोणी लिहिली?" विभागप्रमुखांनी शकूच्या निबंधाचं पहिलं पान माझ्यापुढे धरलं.

"तिनंच, सर. मी थोडी सुधारली."

"थोडी? बाई, यात एकही वाक्य बी.ए.च्या पोरीचं नाही. वाचता वाचता मला डुलकी लागली."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या एका कॉलेजात मी मराठीची नवीकोरी लेक्चरर होते. साडीला कडक इस्त्री, डोक्यात एम.ए.च्या नोट्स, त्याही तोंडपाठ.

शकू माझी विद्यार्थिनी, मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवापूरची. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला कॉलेजातून एकच निबंध जायचा. तो हिचा गेला तर एम.ए.ला नागपुरात राहू देईन, असं तिच्या वडिलांनी कबूल केलं होतं. पाच वाजता ऑफिस बंद होणार, आणि सर सही करेनात.

विषय होता कथेतली प्रतीकं. प्रतीक म्हणजे गोष्टीतली साधीशी वस्तू, जी न बोलता वेगळंच काही सांगून जाते. शकूनं घेतलेल्या कथेत नुकताच नवरा गेलेली सून अंगणात लाल मिरच्यांचे देठ खुडत बसते. मी प्रस्तावनेत प्रतीकाच्या तीन व्याख्या ठासल्या, दोन संस्कृत वचनं चिकटवली आणि 'लाल रंग हा क्रोधाचा द्योतक होय' असा निकालही देऊन टाकला. वर स्वतःवरच खूश!

सर म्हणाले, "प्रस्तावना बाहेरून आणून चिकटवायची नसते. निबंध कुठे जागा होतो ते शोधा आणि तेच वर घ्या."

शकूला घेऊन मी स्टाफरूममध्ये बसले. चौथ्या पानावर ते सापडलं. 'मिरची खुडणाऱ्या बाईला रडायची मुभा असते. तिला कोणी कारण विचारत नाही.' खाली माझ्याच लाल पेनानं शेरा होता: 'अप्रस्तुत.'

"हे तुला सुचलं कसं गं?"

"सुचाले काय लागते, मॅडम? हंगामात आमच्याकडे साऱ्याच बाया रडतात. कोण मिरचीनं रडून राहिली अन् कोण कशानं, कोणाले समजते?"

"मग मला आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही राग म्हणाल्या. मले वाटलं, एम.ए. झाल्यावर तसं दिसत असन."

माझ्या व्याख्या कापल्या. एक वचन कापलं. दुसऱ्यापाशी माझा हात अडला.

"हे एक राहू दे का? छान आहे."

"मॅडम, घड्याळ पाहा ना!" म्हणत तिनं पेनच काढून घेतलं.

मग तिनं नवी प्रस्तावना लिहिली. आधी मिरचीची ती दोन वाक्यं, मग कथेची ओळख, मग निबंध काय दाखवणार ते. संपलं. सरांनी उभ्याउभ्याच वाचायला घेतलं, आपणहून पान उलटलं आणि वाचता वाचताच खिशातलं पेन काढलं.

निबंधाला बक्षीस मिळालं नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. पण वडिलांची अट निबंध जाण्याची होती, आणि ते शब्दाला जागले. शकू एम.ए. झाली, उमरेडला शिकवू लागली. तिच्या आणि सरांच्या त्या एका दुपारवर मी उरलेली सगळी नोकरी निभावली. दोघांनीही त्याची कधी आठवण करून दिली नाही, हा आणखी एक उपकार.

विद्यार्थ्याची प्रस्तावना सुधारायची असेल, तर आधी तिच्यातून बाईंना बाहेर काढावं.