शेकोटीत बसवलेला जोतिबा

कापराचा वास आला की शिवाजी पेठेतल्या घरातली वडिलांची शेकोटी आठवते. इंग्लंडच्या खेड्यांतल्या दगडी घरांची चित्रं पाहून त्यांनी बैठकीच्या भिंतीत ती बांधून घेतली होती, वर धुराडंसुद्धा. घरभरणीला ती पेटवून दाखवायची म्हणून मित्र बोलावले, तर गगनबावड्याच्या थोरल्या आत्यानं आधीच तिथं पितळी जोतिबा बसवून, हळदकुंकू वाहून कापूर लावलेला. "देव्हारा झ्याक हाय, पर रिकामा ठेवत्यात व्हय?" "आक्का, अगं ती शेकोटी आहे!" "मग शेक की निरांजनावर!" बसवलेला देव उठवायची हिंमत कुणाला? वडिलांनी काड्यापेटी खिशात घातली. आता पावसाळाभर धुराड्यातून जोतिबाच्या डोक्यावर पाणी ठिबकतं, आणि वाकून पुसायला ना वडील आहेत, ना आत्या.